एका नावाचं कार्ड

३ तारीख, सोमवार

धाकटा आला. हातात माझ्या आवडीच्या बिस्किटांचा पुडा. तिथेच ओळखायला हवं होतं! सख्खा भाऊ बिस्किटं घेऊन येतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, नाहीतर त्याने काहीतरी मोडलेलं असतं.

"ताई, नवं कार्ड करायचंय."

"जुन्याला काय झालं?"

जुन्या कार्डावर वर त्याचं नाव – छायाचित्रण. खाली माझं – अल्बम व मांडणी. दोन्ही नावांची अक्षरं एकाच मापाची. आईने तसं बजावलंच होतं. म्हणाली होती, उद्या भांडाल.

त्याने बिस्किट चहात बुडवलं. "मी आता फ्रीलान्स होतोय गं. एकटाच. स्टुडिओ बंद. म्हणजे कार्डावर एकच नाव."

बिस्किट तुटून कपात पडलं. त्याचं. माझा हात स्थिर होता, याची नोंद असावी.

लेक पहिलीत होती तेव्हापासून आम्ही दोघं एका टेबलावर काम करतोय. तो फोटो काढतो, मी त्यांचा अल्बम करते. आता त्या कार्डावरून माझं नाव काढायचं – आणि हे काम कुणाला? मलाच!

"तुझ्यासारखं दुसरं कोण करणार, ताई?"

४ तारीख, मंगळवार

हो म्हणून बसलेय. वाटलं, माझ्या समोर बसून काम करून घेताना तरी लाजेल.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "बरंच झालं की. तुला आराम." हा माणूस कुणाच्या जळत्या घरासमोर उभा केला, तर म्हणेल थंडी तरी गेली.

६ तारीख, गुरुवार

लाजबिज काही नाही. खुर्ची ओढून बसला आणि गिऱ्हाईक झाला.

पहिला नमुना – कोपऱ्यात छोटा कॅमेरा. "कॅमेरा नको. लोकांना वाटेल मी कॅमेरे दुरुस्त करतो."

दुसरा – त्याचाच फोटो, डोळ्याला कॅमेरा लावलेला. "चेहरा झाकला जातोय गं." तो चेहरा मी पाळण्यापासून बघतेय. झाकला तर कामं वाढतील. हे मी बोलणार नव्हते. बोलले.

तिसरा – सोनेरी अक्षरं. त्यानेच मागितली होती. बघून म्हणाला, "हे दागिन्यांच्या दुकानासारखं वाटतं."

जाता जाता दारात थांबून म्हणतो, "जरा मोकळं कर. कार्डाला श्वास घेता आला पाहिजे."

कार्डाला फुफ्फुसं कधी फुटली? आणि हा असा कधीपासून बोलायला लागला? याच्या तोंडी आजवर दोनच शब्द – 'हसा' आणि 'हलू नका'.

७ तारीख, शुक्रवार

शेवटी विचारलंच. का?

आधी म्हणाला, "अल्बम कोण बघतं आता? सगळे मोबाईलवर बघतात." मग म्हणाला, काळ बदललाय. मग चपला घालता घालता खरं बोलला – "तुझ्या जिभेमुळे गिऱ्हाईकं पळतात, ताई."

म्हणजे ती मागची नवरी. तिने विचारलं, फोटोत मला बारीक कराल का? मी विचारलं, कुठपर्यंत? यात वाकडं काय? मापं विचारायची नाहीत?

आणि माझ्या जिभेने पळवली असतील चार, पण माझ्या हातांनी याची किती राखली! याने अर्धी कापलेली डोकी मी पुरी केली. एका लग्नात नवरदेवाचे आजोबा ऐन ग्रुप फोटोच्या वेळी आत झोपले होते आणि याच्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या फोटोतून उचलून मी त्यांना रांगेत उभं केलं. आता ते आजोबा स्वतः सांगतात – मी होतो ना तिथे, पाय दुखत होते!

त्या अल्बमचं कौतुक झालं ते फोटोग्राफरचं. खाली माझं नाव होतं, तेवढं पुरत होतं.

९ तारीख, रविवार

लेक मागे येऊन उभी राहिली. नोकरी सोडल्यापासून घरीच असते, माझ्याच कॉम्प्युटरवर हात बसवतेय. मीच शिकवते. तिला पहिला धडा दिला होता तो हा – काहीही महत्त्वाचं कडेपासून तीन मिलिमीटर आत. छापलेला कागद कापताना पातं इकडेतिकडे सरकतं, आणि ते कुणाची ओळख ठेवत नाही.

स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आई, किती भरलंयस! कार्डाला श्वास घेऊ दे ना."

मामा आणि भाची एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

म्हटलं, "मामाने माझं काय केलं ते दिसतंय ना तुला?"

"मामालाही त्याचं आयुष्य आहे गं," म्हणाली आणि चार्जर शोधायला गेली. चार्जर टेबलावरच होता.

११ तारीख, मंगळवार

झालं. पांढरं कार्ड. मध्ये त्याचं नाव, खाली नंबर. बाकी काही नाही. घे म्हटलं, हवा तेवढा श्वास घे.

"वा, ताई! हेच हवं होतं!" उठून मिठी मारली. लहानपणी माझी पेन्सिल हरवून यायचा तेव्हाही अशीच मारायचा.

"किती छापायची?"

"ते मी बघतो प्रेसवाल्या काकांशी. तू दमलीस. फाईल पाठवायला भाचीला सांग."

हा आणि प्रेसमध्ये स्वतः जाणार? शाईच्या वासाने ज्याचं डोकं दुखतं तो? पण दमले होते खरी. लेकीला म्हटलं, पाठव गं.

१२ तारीख, बुधवार

माझं नाव नसलेलं माझं सगळ्यात स्वच्छ काम. शाबास, बाई.

१३ तारीख, गुरुवार

प्रेसवाल्या काकांचा फोन – "ताई, रंग बघून जा. तुम्ही हो म्हणालात की छापून कापायला घेतो."

गेले. एक शीट नमुन्याला काढलं होतं. मोठ्या कागदावर घरं पाडून बरीच कार्डं एकदम छापतात आणि मग कापतात. कागद वाया जाऊ नये म्हणून काका दोन-तीन गिऱ्हाइकांची कामं एकाच शीटवर बसवतात. हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. धाकट्याला माहीत नाही. लेकीला सांगायचं राहिलं.

वरच्या कोपऱ्यात एका घरात माझं पांढरं कार्ड. एकच.

उरलेल्या दहा घरांत दुसरं. दहाही घरांत तेच. वर धाकट्याचं नाव – छायाचित्रण. खाली माझ्या लेकीचं – अल्बम व मांडणी.

शब्दसुद्धा माझेच. अक्षरं एकाच मापाची. आईने बजावलेलं तेवढं मात्र पाळलंय.

काका म्हणाले, "दोन्ही फाईली तुमच्याच मेलवरून आल्या. म्हटलं घरचंच काम, लावू एकत्र. शंभर शीटं काढतो – त्यांची हजार, याची शंभर."

शंभर कार्डं! मला गप्प ठेवायला. लहान मूल रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतात ना, तसं. आणि तो खुळखुळा आठ दिवस खपून मीच केला. लेकीने माझ्याच खुर्चीत बसून, मी स्वयंपाकघरात असताना, स्वतःचं कार्ड केलं. परक्याने फसवलं तर भांडता येतं. इथे एकाला चालायला मी शिकवलं, दुसरीला मांडणी. ओरडू कुणाच्या नावाने?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कार्ड चांगलं आहे. मधोमध करड्या रंगाचा एक रिकामा चौकोन, फोटो यायचा राहिल्यासारखा, आणि दोन्ही नावं उजव्या कडेला. मला सुचलं नसतं.

फक्त नावं फारच कडेला. लेकीचं नाव लांब, त्यामुळे शेवटचं अक्षर नेमकं पात्याखाली येतंय. कापलं की गेलं. हजारच्या हजार कार्डांवर माझी लेक अर्धवट नावाने फिरेल. पहिलाच धडा विसरली!

"हो म्हणू ना?" काका.

"उद्या सांगते."

घरी लेकीने विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"रंग बघायला."

"कसे आलेत?"

"सगळं स्पष्ट दिसतंय."

तिने मोबाईलमधून मान वर केली नाही. मीही आणखी काही बोलले नाही. हीच ती गिऱ्हाईकं पळवणारी जीभ!

१४ तारीख, शुक्रवार

सकाळीच प्रेसमध्ये. काकांच्या कॉम्प्युटरवर बसले. लेकीचं नाव तीन मिलिमीटर आत घेतलं, दहाही घरांत. मग वरच्या कोपऱ्यातलं धाकट्याचं कार्ड पुसलं आणि तिथे एक नवं बसवलं. माझं नाव, माझा नंबर, अल्बम व मांडणी. भरपूर मोकळं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि तुमच्या भावाने विचारलं, त्याचं एकट्याचं कार्ड कुठंय, तर?"

"सांगा, कापण्यात गेलं."