पेटीतली रिकामी खाच

बाबा, काल तुमचं रिव्हॉल्व्हर परत मिळालं. ठाण्यात जुना मुद्देमाल निकाली काढायला घेतलाय, त्यात तुमचं नाव सापडलं म्हणे. हवालदाराने फडक्यात गुंडाळलेली ती जड वस्तू टेबलावर ठेवली आणि माझी सही घेतली. तिच्यासाठी तुम्ही किती चपला झिजवल्यात ते मी पाहिलंय, म्हणून तुम्हालाच सांगायला बसले. दुसरं कोण उरलंय?

वेंगुर्ल्यात कुणाला पत्त्यांचा नाद, कुणाला दशावताराचा. तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांचा. बोटीच्या एजंटाकडे कारकून होतात, त्यामुळे कोण साहेब देश सोडून चाललाय, सावंतवाडीकडच्या कुठल्या घरात जुनं सामान विकायला काढलंय, हे तुम्हाला आधी कळायचं. खरं तर तुम्ही रिव्हॉल्व्हरं नव्हे, त्यांच्या पेट्या जमवायचात. आत हिरव्या बनातीचं मऊ लोकरी अस्तर, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खाच: बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, तेलाची इवलीशी बाटली. एखादी खाच रिकामी असली की तुम्हाला जेवण गोड लागत नसे. रविवारी तुम्ही ओटीवर सगळं मांडून तेलपाणी करत बसता, आत आई आडाळ्यावर नारळ खवतेय आणि तुम्हाला ऐकू जाईल इतपत बोलतेय, "मेलेल्या हत्यारांका तेल, आणि माज्या केसांका थेंब नाय." तुम्ही हसता. तीही हसते. आमचं घर वाईट नव्हतं, बाबा. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

सगळ्यांत देखण्या पेटीतल्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांच्या भोकांवर काळंकुट्ट मेण घट्ट बसलेलं होतं. एकदा मी केसातला आकडा काढून ते कोरायला लागले, तर तुम्ही माझं मनगट असं धरलंत की वळ उठला. "जुन्या हातचां मेण तां. खरवडू नको." जुन्या वस्तूचं जुनेपण घालवायचं नसतं, ती होती तशीच ठेवायची, असं मग समजावून सांगितलंत. मला पटलं. तुमचं सगळंच मला पटायचं.

त्या पेटीत फक्त टोप्यांची डबी नव्हती. तांब्याच्या त्या टिकलीएवढ्या टोप्या मागे बसवायच्या, घोडा वरून आपटला की आतल्या दारूला ठिणगी मिळते. डबी पणजीत कुणाकडे तरी आहे असं तुम्ही ऐकून होतात, पण तेव्हा हद्दीपलीकडे जाता येत नव्हतं. गोवा मोकळा झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. तुम्ही डबी आणायला गेलात. आलात ते नवरदेवासारखे. आत टोप्या शाबूत होत्या. दसऱ्याला सगळ्या पेट्या पाटावर मांडल्यात आणि त्या रिव्हॉल्व्हरवर एकेक टोपी बसवलीत, पूजेला पेटी पुरी हवी म्हणून. आईने हळदकुंकू लावलं, गोंड्याच्या फुलांचा हार घातला. "रिकामां आसा मां तां?" तिने विचारलं होतं. तुम्ही मान डोलावलीत.

संध्याकाळी ती हार काढायला बसली. दोरा घोड्याला अडकला, तिने ओढला, घोडा उचलला गेला आणि सुटला. त्या मेणाखाली कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी दारू न् गोळी ठासून ठेवली होती. आवाज फार मोठा नव्हता. आई पोटाला हात लावून मला म्हणाली, "हार अडाकलो." एखादं भांडं हातून पडावं तशी ओशाळून म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलेली होती. तुम्ही फौजदाराला शुद्ध भाषेत सांगत होतात, "ते रिकामं होतं, साहेब," आणि परत परत तेच सांगत होतात.

अपघात म्हणून निकाल लागला, पण रिव्हॉल्व्हर त्यांनी ठेवून घेतलं. मग तुमच्या खेपा सुरू झाल्या. आज ठाणं, उद्या कचेरी. घरी असलात की ती पेटी उघडी मांडीवर, आणि बोट त्या मोठ्या रिकाम्या खाचेवरून फिरतंय. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, त्याच वस्तूने आईला नेलं, ती परत घरात कशाला हवी? तुम्ही वर न बघता म्हणालात, "पेटी अर्धी रवली गो, चेडवा."

त्या दिवसापासून मी तुम्हाला वाढत होते, औषध देत होते, शेवटी तोंडात पाणीही घातलं. पण बोलायचं म्हणून कधी बोलले नाही. इतका राग मला कुणाचाच आला नाही. अजूनही आहे. कधी वाटतं, तुम्ही तिच्यासाठीच रडत होतात, फक्त तुम्हाला ते पेटीच्या नावाने जमत होतं. कधी वाटतं, नाही, पेटीसाठीच.

काल ठाण्यातून निघाले तेव्हा जेटीवर जायचं आणि ते समुद्रात टाकायचं, हे नक्की होतं. तर पाय घराकडे वळले. माळ्यावरची पेटी काढली, धूळ पुसली. बनात कसरीने खाल्लीय, पण खाच तशीच आहे. रिव्हॉल्व्हर त्यात ठेवलं. ते अगदी बरोबर बसलं. हे पत्रही आतच ठेवावं असं आता लिहिताना वाटतंय, पण त्याला जागा नाही, तिथे प्रत्येक खाच भरलेली आहे. काल झाकण लावलं तेव्हा मला बरं वाटलं, बाबा. फार बरं वाटलं, आणि तेवढा वेळ आईची आठवण झाली नाही.