मागची सीट, डावी बाजू

१५ सप्टेंबर

आज पडलोच असतो! किन्हवलीच्या पुढे सिमेंटचा नवा पट्टा डाव्या बाजूला एकदम संपतो आणि वीतभर खाली जुना डांबरी रस्ता लागतो, तिथे. पाटी नाही, रंगवलेला दगड नाही, काही नाही. समोरून डंपर आला, ह्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि मी ओरडले — कड! कड आहे! गाडी कडेवरून घसरता घसरता राहिली. माझी एक चप्पल मागे रस्त्यात. हे उतरून घेऊन आले, हसत. "मॅडम, चपलेचं तिकीट वेगळं पडंल."

मला हसू आलं नाही. पहिल्या तासाला फळ्यावर नुसती तारीख लिहून खुर्चीत बसले. सातवीच्या मुलांना वाटलं, बाई रागावल्यात.

सरळगाव ते शहापूर. सकाळची एसटी जूनमध्ये बंद झाली तेव्हापासून हे रोजचंच. जीपवाले गाडी भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि ती भरते तोवर शाळेची प्रार्थना होऊन जाते. कारखान्यातून रिटायर झालेला नवरा आणि त्याची जुनी मोटरसायकल आहे म्हणून माझी नोकरी टिकून आहे. माझी निवृत्ती एप्रिलअखेरीस. तोवर देवा, दोघांचे हातपाय शाबूत ठेव.

१८ सप्टेंबर

खड्डे पाण्याने भरलेत. कुठला घोट्याएवढा आणि कुठला गुडघ्याएवढा, वरून सगळे सारखेच दिसतात. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसते. म्हणजे मला सगळा रस्ता डावीकडचाच दिसतो. साइडपट्टी, गटार, कुत्री, दप्तरं घेतलेली पोरं. तेवढंच मला पुरे. उजवीकडून काय येतंय ते दिसत नाही हे एका परीने बरंच आहे.

आजही वाटभर ओरडत होते. खड्डा! म्हैस! सायकलवाला! शहापूरच्या नाक्यावर वाहनं तुंबली होती. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, काय झालं वो? हे म्हणाले, "काय नाय. आमच्या गाडीला दोन हॉर्न हायत. एक पुढं, एक मागं."

रिक्षातले सगळे हसले. मीही.

२६ सप्टेंबर

मला डोळे मिटून बसायचं असतं. कल्याणच्या शाळेत सिस्टर फिलोमिना सांगायच्या, भीती वाटली की डोळे मीट आणि मारियाची प्रार्थना म्हण, मुली, तुझा देव कुठलाही असो. विजा चमकल्या की आम्ही साऱ्या बाकाखाली बसून म्हणायचो. मेणाचा आणि ओल्या रेनकोटांचा वास यायचा. किती सुरक्षित वाटायचं!

आज तसे डोळे मिटले. मिनिटभरात ह्यांनी मान मागे वळवली. "गप का झालीस गं?"

प्रार्थना म्हणतेय, म्हटलं.

"ती घरी म्हण. हितं बोलत ऱ्हा. तू गप बसलीस का मला झोप येते."

सकाळी सकाळी झोप!

१० ऑक्टोबर

आज धूळ. नाकातोंडात, डब्याच्या झाकणावर. बाकी काही नाही.

१४ ऑक्टोबर

शाळेतली माधुरी, विज्ञान शिकवते, तिने आज मला फाटकापाशी उतरताना पाहिलं. म्हणाली, "मॅडम, अशा एका बाजूला बसू नका हो. ब्रेक दाबला तर थेट चाकाखाली. ड्रेस घाला, दोन्हीकडे पाय टाकून बसा. आणि हेल्मेट?" हेल्मेट ह्यांना आहे. मला नाही. मागे बसणाऱ्या बाईला हेल्मेट लागतं हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तिच्या मावशीचं काय झालं तेही तिने सांगितलं. नको होतं सांगायला. रात्री डोळा लागला नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. दोन पंजाबी ड्रेस शिवून आणले. एक करडा, एक निळा. या वयात! गिरजा, माझी धाकटी जाऊ, तोंडाला पदर लावून हसत सुटली. "गो ताई, कालेजात जातीस का काय?" घालून दाखव म्हणाली. दाखवला. मग हसायची थांबली आणि म्हणाली, बरी दिसतीस पण.

हे मात्र रागावले. मी थक्क झाले. म्हणाले, "या वयात गावातनं दोन्हीकडं पाय टाकून बसणार? लोकं काय म्हनतील?"

लोकं! लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हशाच्या जत्रेला ह्यांनी मला मोटरसायकलवरून नेलं होतं. एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी घेतलेलं घोंगडं. सासूबाई आठवडाभर बोलत नव्हत्या. तेव्हा हेच म्हणाले होते, लोकांचं तोंड लोकांपाशी. मी नोकरी धरली तेव्हाही. जत्रेच्या त्या दिवशी मी पूर्ण रस्ताभर हसत होते. भीती नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती.

माणूस म्हातारपणी असा बदलतो का? वाईट वाटलं.

६ नोव्हेंबर

शाळा सुरू. साडीच नेसले. वाद नको. भातकापणी चालू आहे, लोकांनी रस्त्यावरच पेंढा पसरलाय. चाक त्यावर गेलं की गाडी सरकते. "पेंढा, पेंढा!" "बघितला गं." पण गाडी हलली ती मी ओरडल्यावर.

११ नोव्हेंबर

परतताना आमच्या पुढची एक गाडी पेंढ्यावरून घसरली. तरुण नवरा-बायको. बाई माझ्यासारखीच, एका बाजूला बसलेली. पाठीवर आपटली. उठून बसली, पण नुसती बघत राहिली, नाव विचारलं तर सांगता येईना. टेम्पोत घालून नेलं. तिची बांगडी मी उचलून तिच्या नवऱ्याला दिली.

उद्या ड्रेस. कोणी काही म्हणो.

१२ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी करडा ड्रेस घातला, माधुरीने आणून दिलेलं हेल्मेट घातलं, दोन्हीकडे पाय टाकून बसले. ह्यांनी किल्ली लावली, पण किक मारली नाही. "साडी नेसून येतीस का?" — हळू आवाजात. मी नाही म्हटलं. रागातच होते. समोर ह्यांची पाठ, दुसरं काही दिसत नव्हतं. म्हटलं, आज ओरडायचं नाही. डोळे मिटले. मारियाची प्रार्थना अर्धी झाली असेल —

दण्णकन आवाज. गाडी वाकडी, मग सरळ, मग थांबली.

भाऊकीतला नवसू डोक्यावर भाताचा भारा घेऊन डाव्या कडेने चालला होता. आमचं हँडल त्याच्या कोपराला लागलं. तो गरकन फिरून शेतात जाऊन पडला. देवाची कृपा! कोपर सोललं, बाकी काही नाही. भारा सुटून सगळीकडे लोंब्या.

नवसू उठून कपडे झटकत म्हणाला, "अनिलभाऊ, एवढा डोंगर घेऊन चाललो मी! नाय दिसलो का रे?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "ऊन आलं रे डोळ्यावर."

नवसूने आभाळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ऊन आमच्या पाठीमागे होतं.

तिघांनी मिळून लोंब्या गोळा केल्या.

१३ नोव्हेंबर

रजा.

१४ नोव्हेंबर

साडी. हेच म्हणाले, "नेस ना, माज्यासाठी." त्यात राग नव्हता. ते ऐकून जास्तच भीती वाटली.

१६ नोव्हेंबर

रविवार. गिरजा अंगणात भात वारवत होती. नवसूचा विषय निघाला. सूप खाली ठेवून म्हणाली, "ताई, एक बोलू? रागवू नको. भाऊजी डाव्या अंगाला बगत नायत. परवा मी त्या बाजूनं हाका मारीत गेले, पार जवळ पोचले तवा दचकले. सकुबाईच्या शेळीवर पाय दिला त्यांनी. आमाला वाटलं तुला म्हाईत असंल."

मला माहीत नव्हतं. एका ताटात जेवलेली मी!

दुपारी हे ओट्यावर पेपर वाचत होते. चहा घेऊन डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. कप पुढे धरला. वाफ त्यांच्या गालाला लागत असेल, इतका जवळ. पान उलटलं. वाचत राहिले. मी हात हलवला. काही नाही. कप घेऊन पाठीमागून उजवीकडे गेले.

"अरे, कवा आलीस?"

आत्ताच, म्हटलं.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. साडी, गाव, लोक — यातलं काहीच नव्हतं. ह्यांना मी डावीकडे तोंड करून बसलेली हवी होते, एवढंच. मी ओरडले की हे गाडी वळवत होते. आणि मी त्या दिवशी डोळे मिटले.

आजवर वाटायचं, मी भित्री आहे. जेवढं घाबरायला हवं होतं त्याच्या निम्मंसुद्धा घाबरले नव्हते!

२२ नोव्हेंबर

माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून ह्यांना कल्याणला नेलं. एसटीने. डॉक्टर बाई तरुण होत्या. माझे डोळे पाहिले, मग मी म्हटलं, आता आलोच आहोत तर ह्यांचेही बघा.

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्याच्याही कडा जायला लागल्यात. रोज थेंब घातले तर तो राहील. "गाडी मात्र आजपासून बंद, काका."

ह्यांनी मान खाली घातली होती. मग एकदम वर पाहिलं. "एप्रिलपातूर चालवली तर? ही मागं बसते ना. डावीकडचं ती बगते."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे.

बाहेर बाकावर बसल्यावर विचारलं, केव्हापासून?

"मागल्या सालच्या दिवाळीपास्नं."

मला सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तू शाळा सोडली असतीस. तुज्या तोंडावर शाळेतनं येताना जे असतं ना गं..." मी थेंबांची बाटली पिशवीत ठेवली. बसस्टँडपर्यंत त्यांच्या डाव्या हाताला धरून चालले. एक बस, तीन रिक्षा आणि एक हातगाडी. प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेत होते. हे हूं हूं म्हणत होते.

२४ नोव्हेंबर

जीपने उशिरा शाळेत पोचले आणि राजीनामा दिला. घरी सांगितलं, शाळेने नवीन मुलगी घेतलीय, मला मोकळं केलं.

हे भयंकर चिडले. "एवढी वरसं राबलीस आन् असं काढतात? मानसं हायत का कोन? थांब, मी आत्ता जाऊन बोलतो!" — आणि किल्लीसाठी दाराजवळची खुंटी चाचपली. वर, खाली, पुन्हा वर. किल्ली तिथे नव्हती. सकाळपासून माझ्याच पर्समध्ये होती.

हात तसाच खुंटीवर ठेवून माझ्याकडे वळले. पूर्ण मान फिरवून, उजव्या डोळ्याने, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "च्या टाक."