बाबांच्या जागेवरचे खळगे

मुंबई, २ एप्रिल १९५८

ती. गं. भा. आनंदीआक्काच्या सेवेशी, धाकट्या लवूचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण थोडं हसण्यासारखं आहे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मास्तरांना वाळूत खळगा करून बसणारे किडे हवे आहेत. लहानपणी आपण त्यांच्या खळग्यात मुंग्या सोडायचो नि तो खालून वाळू उडवून मुंगीला ओढायचा, तेच. मी फुशारकीनं सांगून बसलो की तारकर्लीला आमच्या दारात ढिगानं मिळतात. डब्यात कोरडी वाळू भरून दहाबारा पाठव. शेजारचे दाजी बोटीनं येणारच आहेत.

प्रयोगशाळेतली माझी नोकरी जूनमध्ये कायम होईल असं म्हणतात. तोवर रजेचं नाव काढायची सोय नाही. बाबांचं कसं आहे? तुझ्या पत्राखाली त्यांना दोन ओळी सांगायला लाव, तू लिहून घे.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझा लवू

तारकर्ली, १४ एप्रिल १९५८

चि. लवूस आनंदीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळा गाव मुंबईला आंबे धाडतो आणि मी किडे धाडते आहे. दाजींनी डबा हातात घेतला तेव्हा त्यांना वाटलं लाडूच आहेत. चौदा आहेत. शोधावं लागलं नाही. पडवीच्या टोकाला, बाबा जाळी विणायला बसतात तिथल्या वाळूत चाळणीसारखे खळगे झालेत. करवंटीनं उचलले.

विहिरीचं पाणी खाली गेलंय, रहाट ओढून खांदे भरून येतात. सारवण राहून जातं. बाकी ठीक.

बाबा सांगतात ते लिहिते: “लवू, येवडो शिकलंस नि शेवटी किडेच पकडूक लागलंस? माका कायएक झालेला नाय. काल सांजवेळपर्यंत माझ्या जागेर बसान जाळा शिवलंय. तू तुझी नोकरी सांभाळ.”

आठवण ठेवून असावं, हेच मागणं.
आनंदी

मुंबई, २५ एप्रिल १९५८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

किडे पोचले. दोन मेले, बाकीच्यांनी काचेच्या पेटीत खळगे केले. मास्तर खूष आहेत.

त्यांनी मुलांना शिकवताना एक गोष्ट सांगितली, ती आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. पायाखालच्या वाळूत हा किडा टिकत नाही. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही अशाच जागी त्याचे खळगे दाट होतात. मी पेटी पुसता पुसता तिथेच थांबलो. बाबा रोज पाय पसरून बसतात त्या जागेवर चौदा खळगे कसे झाले? आणि काल सांजवेळपर्यंत जाळं शिवलं म्हणतात ते कुठे?

तू मला अजून लहान समजतेस याचा राग आला आहे. बाबांच्या नावानं येतं त्यातलं बाबांचं किती, तेवढं खरं लिही. उत्तर येईपर्यंत जेवण गोड लागणार नाही.

रागावलो तरी तुझाच,
लवू

तारकर्ली, ४ मे १९५८

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीपुढे बसून दोनदा वाचलं. आता लपवून उपयोग नाही. शिमग्याच्या आदल्या दिवशी बाबा पडवीवरून उठताना कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मालवणच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण जीभ उचलणं कठीण म्हणाले. त्या दिवसापासून बाबा खाटेवर आहेत. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं मी करते. शेजारच्या सीताकाकी दुपारी घटकाभर बसतात तेव्हा मी विहिरीवर जाते.

शिमग्यानंतर बाबांच्या नावानं जे आलं ते सगळं माझं. बाबांना अक्षरओळख नाही, ते सांगायचे नि मी लिहायची, अशी इतकी वर्षं गेली की ते काय म्हणतील हे मला त्यांच्याआधी सुचतं. पहिल्यांदा तुझी नोकरी जाऊ नये म्हणून लिहिलं. दाजींनाही मीच शपथ घातली होती, म्हणून डबा देताना ते तुला काही बोलले नाहीत. पुढे मलाच त्याची सवय लागली. लिहीत असेपर्यंत घरात बाबा बोलताहेत असं वाटायचं. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून घ्यायचे. राग होता की काय, मला कळलं नाही. तू मला क्षमा कर.

तू आता लिहिशील की बाबांना बघायला येतो. ते तुला ओळखतील याची खात्री देत नाही. बाबांना बोलता आलं असतं तर त्यांनी नोकरी सांभाळ म्हणूनच सांगितलं असतं, ते मी खोटं लिहिलं नव्हतं. पण लवू, मी फार थकले आहे. दोन महिन्यांत सलग झोप नाही. परवा बाबांना वळवताना माझा हात सुटला आणि मी त्यांच्यावर ओरडले. बोलता न येणाऱ्या माणसावर ओरडले. मग खाटेपाशीच बसून रडले.

महिनाअखेर पावसाळ्यासाठी बोट बंद होईल, त्याआधी ये. बाबांसाठी नको, माझ्यासाठी ये. हे सांगणारे बाबा नाहीत, मी आहे.

वाट बघणारी,
तुझी आक्का