तिसऱ्या पंजाची जागा

मोका, साओ पाउलो
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय आदेमिर,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या दुखऱ्या खांद्याला वेगळे. पप्पांची तब्येत नव्वदीच्या मानाने ठणठणीत आहे, म्हणजे खाणं आणि भांडणं दोन्ही वेळच्या वेळी चालू आहे. माझे गुडघे कुरकुरतात. माझी लेक थाईस शाळेत कायम झाली, आता घरातही मास्तरीणबाईसारखीच बोलते.

पत्र पाहून दचकला असशील. नाताळच्या फोनवर आपण तीन मिनिटं बोलतो, त्यातलं दीड मिनिट हवापाण्यावर जातं, आणि पप्पांचं नाव काढलं की तुझ्याकडे दाराची बेल वाजते. एकवीस वर्षांत त्या दारात कोण उभं असतं ते मला कळलेलं नाही. म्हणून या खेपेला लिहिते आहे.

आज रविवार, आणि आपली पिझ्झाची भट्टी बंद आहे. रविवारी संध्याकाळी मोकामध्ये कुणाच्या घरी चूल पेटत नाही, तुला ठाऊकच आहे. सहा वाजल्यापासून माणसं येतायत, शटरवरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी वाचतायत, आणि तरी बेल वाजवून विचारतायत, खरंच का? जणू आम्ही गंमत म्हणून पाटी लावली.

झालं असं की जूनमध्ये भट्टीच्या घुमटातली एक वीट सुटली आणि थेट दोना एर्सिलियाच्या पिझ्झावर पडली. तिचा तो नेहमीचा, अर्धा मोझरेला, अर्धा कडू पाल्याचा. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वरचं घातलंत." हसलो सगळे, पण दुसऱ्या दिवशी जुरांदिर गवंडी आला, त्याने आत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि सांगितलं की जुना तडा मुळापर्यंत गेलाय. माती लिंपून आणि लोखंडी पट्टी आवळून आपण त्याला आजवर रेटलं. आता घुमट उतरवून नव्याने बांधायचा. विटा मात्र नोन्नोच्याच, आजोबांनी स्वतः रचलेल्या, धड निघतील तेवढ्या.

जुरांदिर काम करतो आणि पप्पा खुर्ची टाकून पहारा देतात. परवा म्हणाले, ती वीट उलटी बसवलीस. तो म्हणाला, सेन्योर सावेरिओ, वीट आहे, नवरी नाही, कुठूनही बघा. दोघांची छान जुंपते.

तू कसा आहेस? तेलाच्या घाण्यावर काम अजून तेवढंच असतं का? तिथे इटलीत नोन्नोच्या गावचे लोक अजून तुला 'ब्राझीलवाला' म्हणतात का? इथे अख्खी गल्ली आपल्याला इटालियन म्हणते. आपल्या घराण्याला आपलं म्हणायला कुठलाच देश तयार नाही असं दिसतं.

बघ, विषय टाळतेय मी. सरळ सांगते.

भट्टीच्या तोंडाशी डावीकडे नोन्नोचा पंजा आहे आणि शेजारी पप्पांचा. भट्टी ज्याच्या हाती जाते त्याने ओल्या मातीत हात दाबायचा, ही रीत नोन्नोने गावाहून आणली की बोटीवर बसून रचली, देव जाणे. त्यांच्या पलीकडे तिसऱ्याची जागा मोकळी आहे. लहानपणी तू तिथे हात ठेवून पाहायचास आणि मम्मा लाटणं घेऊन धावायची, भाजशील म्हणून. तो मातीचा भाग जुरांदिरने अलगद अख्खा काढून ठेवलाय. तो परत बसवणार आहे.

१९ सप्टेंबरला, संत सान जेन्नारोच्या सणाच्या दिवशी, भट्टी सुरू करायची. त्याआधी चार दिवस लहान जाळ, पाचव्या दिवशी मोठा. हे तुला सांगणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवणं. थंड पडलेल्या भट्टीला एकदम जाळ दिला की आतली ओल विटा फोडून बाहेर येते. आपल्या घरातली पोरं चालायच्या आधी हे शिकतात. चौथ्या दिवशी तोंडाभोवती ओली माती लिंपायची, पंजा उमटवायचा, आणि पाचव्या दिवसाचा जाळ ती भाजून पक्की करतो.

गुरुवारी जेवताना पप्पा म्हणाले, "या वेळचा पंजा तुझा, नॉर्मा." मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? चाळीस वर्षांत तू भट्टीत एक काडी चुकीची घातली नाहीस."

आदेमिर, मी ताट तसंच उचलून आत नेलं.

मम्माच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतरची ती सकाळ तुला विसरता येणार नाही. भट्टी आठ दिवस थंड होती, जानेवारीचा पाऊस धुराड्यातून आत गेला होता. तू आत आलास तेव्हा भट्टीत भडका पेटलेला होता आणि घुमट तडकला होता. तू फावड्याने जळती लाकडं बाहेर ओढायला लागलास. तेवढ्यात पप्पा जिना उतरून आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की तुझ्या हातात फावडं आहे आणि खिशात गॅसच्या भट्टीच्या जाहिरातीचा तो कागद, जो तू महिनाभर त्यांच्या नाकासमोर नाचवत होतास. ते म्हणाले, "गॅस आणायचा होता, म्हणून आई जायची वाट पाहिलीस." तू एक शब्द बोलला नाहीस. तीन महिन्यांनी नोन्नोच्या देशाचा पासपोर्ट काढून निघून गेलास.

तो भडका मी केला होता.

का केला ते सांगते, पण ती सबब नाही. आदल्या दिवशी चर्चमध्ये दोना एर्सिलिया मला म्हणाली की तुमच्या धुराड्यातून धूर नाही तर गल्ली मेल्यासारखी वाटते. रात्रभर तेच डोक्यात राहिलं. सकाळी खाली आले, मम्माचा एप्रन खुंटीवर होता, आणि मला वाटलं की आत्ता या घटकेला भट्टी पेटली नाही तर मम्मा खरंच गेली. पाच दिवस थांबायचा धीर नव्हता. नियम आठवत होता, बरं का. विसरले नव्हते. निलगिरीची सात लाकडं घातली. थोड्याच वेळात अक्रोड फुटावा तसा आवाज आला. मी राखेची बादली आणायला अंगणात धावले, आणि परतले तेव्हा तू आत होतास आणि पप्पा शेवटच्या पायरीवर.

मी दारामागे उभी होते. त्यांचं ते वाक्य मी ऐकलं. मी बादली आवाज न करता खाली ठेवली. तेवढंच केलं मी.

आधी वाटलं, पप्पा शांत झाले की सांगू. मग वाटलं, तू शांत झालास की. मग तू गेलास, आणि भट्टीचं माझ्यावाचून चालेना, आणि मला ते आवडायला लागलं. हेही लिहून टाकते, आता अर्धी लाज राखून काय करू.

मी पंजा उमटवणार नाही. पप्पांना येत्या रविवारी सांगेन. तुला आधी सांगितलं, कारण भोगलंस तू. 'ये' म्हणायचा मला हक्क नाही. फक्त १९ सप्टेंबर ही तारीख वर एकदा लिहिली आहे, ती इथे पुन्हा लिहिते.

घुमट तडकवणारी तुझी बहीण,
नॉर्मा


रविवार, २५ ऑगस्ट

नॉर्मा,

खांदा बरा आहे. दारात कुणी नसतं, ते तुलाही माहीत आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी घाण्यावर मालकाशी विनाकारण भांडलो. दुसऱ्यांदा वाचलं आणि समुद्रापर्यंत चालत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्या विटेचं हसू आलं. याचा अर्थ माफ केलं असा घेऊ नकोस. त्याला वेळ लागेल, आणि तो मी घेणार आहे.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. मला वाटत होतं की जाळ पप्पांनी केला.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी त्यांना थंड भट्टीसमोर बसलेलं पाहत होतो. हातात काडेपेटी असायची. उघडायचे, मिटायचे. एकदाही काडी ओढली नाही. म्हणून त्या दिवशी भडका पाहिला तेव्हा वाटलं, सुटला म्हाताऱ्याचा धीर. मग ते जिना उतरून आले आणि मला तसं बोलले. मी काय समजलो असेन, सांग. मी समजलो की हा माणूस स्वतःचं पाप माझ्या गळ्यात बांधतोय. मम्माला जाऊन आठ दिवस झाले होते. तोंडावर त्यांना खोटं पाडायचं माझ्याच्याने झालं नाही. गप्प बसलो. आणि मग ते कधीतरी खरं बोलतील म्हणून एकवीस वर्षं वाट पाहत राहिलो. त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतंच.

तू एकटीच गप्प होतीस असं समजू नकोस.

तिकीट काढलं आहे. १८ तारखेला दुपारी पोचतो. पंजा-बिंजाचं तेव्हा बघू. तोवर भट्टीवर तूच असशील, म्हणून एवढंच सांगतो: पहिल्या दिवशी मूठभर. तुझी मूठ नाही, मम्माची मूठ.

आदेमिर


बुधवार, १८ सप्टेंबर, सकाळ

आदेमिर, माझ्या राजा,

हे पत्र थाईस तुला विमानतळावर देईल. ती उंच पोरगी, कपाळ तुझ्यासारखं, ओळखशील. मी आले नाही, कारण आज चौथा दिवस आहे आणि जाळापासून हलायची माझी हिंमत नाही. गाडीत बसल्यावर वाच. पप्पांसमोर उभा राहण्याआधी तुला हे माहीत असलेलं बरं.

येत्या रविवारी सांगेन असं मी लिहिलं होतं. तीन रविवार गेले. एकदा त्यांना सर्दी होती, एकदा जुरांदिर घरी होता, तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं. मग तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं, काडेपेटीसकट.

त्यांनी कागद माझ्याकडून मागून घेतला. मग विचारलं, "म्हणजे तो मला वाचवत होता?" मी हो म्हटलं. "मला खोटा समजून?" पुन्हा हो म्हटलं. त्यांनी डोळे पुसले, रुमालाने नाही, टेबलावरच्या पुसण्याने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याशी मी आठ दिवस बोलणार नाही. भट्टी थंड होती तेवढे."

आणि खरंच बोलले नाहीत. जुरांदिरला सांगायचे, तिला सांग मीठ कमी आहे. तो बिचारा घुमट सोडून निरोप पोचवायचा. मी मुकाट्याने सोसलं. तुझ्या एकवीस वर्षांपुढे आठ दिवस म्हणजे काय? नवव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली आणि कॉफी मागितली. मी कप हातात दिला तेव्हा म्हणाले, "आदेमिरचा पंजा आमच्या रांगेत. तुझा त्याच्या खाली, एक वीत खाली. लाकूड सारायला वाकशील तेव्हा रोज समोर येईल." मला वाटलं होतं, पंजाचं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा येणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

तू राहणार की परत जाणार ते मी विचारत नाही, पप्पाही विचारणार नाहीत. भट्टी दोघांच्या नावाची असेल आणि तू असशील तेवढे दिवस आपण दोघं चालवू. दोना एर्सिलियाने तर आत्ताच सांगून ठेवलंय की उद्याच्या पिझ्झाचा पाल्याचा अर्धा भाग तू करायचा, माझ्या हातचा तिला कधी आवडलाच नाही म्हणे. चाळीस वर्षांनी कळलं.

रविवारी पहिला जाळ पप्पांनी केला. मूठभर काटक्या, मम्माच्या मुठीने. एकाच काडीत पेटलं. घुमटातून काही आवाज आला नाही. पप्पा, थाईस आणि मी, तिघंही कान देऊन उभे होतो. पाचवा जाळ तुझा.

आता शेवटचं. काल पप्पांनी निळा सदरा दोनदा इस्त्री करून घेतला. नंतर न्हाणीघरात आरशासमोर काहीतरी पुटपुटत होते. मी दाराला कान लावला, चोरून ऐकायची माझी जुनी सवय. "मुला, माझं चुकलं," एवढंच वाक्य होतं. तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा मध्येच खोकला आला. तर तू समोर उभा राहिल्यावर त्यांना खोकला आला, तर तेवढ्यावर समजून घे.

दुपारी तोंडाभोवतीची माती लिंपणार आहोत. तू येईपर्यंत ती सुकू नये म्हणून मी तिच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवीन आणि दर अर्ध्या तासाने पाणी शिंपडेन. सामान गाडीतच राहू दे. बाह्या सारून सरळ आत ये.

तुझ्या पंजाखालची,
नॉर्मा