आबांची चूळ

आबा, तुमचा फोटो मोठा करून आणलाय पोरांनी. तोच, कारखान्यात लागलात तेव्हा तुळजापुरात काढलेला, गाल आत गेलेले आणि ओठ घट्ट मिटलेले. वस्तीत नवं विहार बांधून झालंय. जुन्या पत्र्याच्या विहारात तुम्ही सगळ्यांना पंचशील द्यायचात, म्हणून नव्या भिंतीवर तुमचा फोटो लावायचा ठरलंय. चांगली गोष्ट आहे, मला का नको वाटेल? पण खाली काय लिहायचं ते विचारायला पोरं माझ्याकडं आली. ओळ त्यांनीच करून आणली होती, 'आजन्म निर्व्यसनी उपासक'. "बरोबर हाय का तेवढं बघा ताई, म्हंजे पाटी रंगवायला टाकतो," म्हणाली. मी त्यांना चहा पाजला, बिस्किटं दिली, कोण कुणाचा नातू ते विचारून घेतलं. पोरं उठून चपला घालायला लागली तरी माझ्या तोंडून ना हो निघालं ना नाही निघालं. तहसील कचेरीत जन्म गेला माझा, दुनियेचे दाखले तपासले, आणि स्वतःच्या बापाची एक ओळ मला खरी का खोटी ते सांगता येईना. उद्या सांगते म्हणाले.

तुम्ही दारू पीत होता का, आबा? बघा, विचारलं शेवटी. जिवंतपणी विचारलं असतं तर तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलं असतं आणि मी भाकरी थापायला पळाले असते. तोंडात घेत होता हे तर सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, कारण तुम्ही ते सगळ्यांसमोरच करायचात. दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडताना कपची उडून तुमच्या दाढेला लागली आणि दाढ अर्धी फुटली, तिथून हे सुरू झालं. खायला रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर, पाण्यात भिजवली तरी चिवट. कामावर खायला मिळणारी गोड सुकडी तुम्ही आम्हा दोघा भावंडांना आणायचात आणि स्वतः ती भाकर एका गालात घोळवत बसायचात. मायनं दाढेत लवंग धरायला दिली, मीठ दिलं, रुईचा चीक लावला, त्यानं उलट हिरडीच भाजली. डॉक्टर गाठायचा तर तुळजापूर, आणि एक दिवस कामावर गेलं नाही की त्या दिवसाची हजेरी बुडाली. तुम्ही दुखण्यानं बेजार होऊन भिंतीला डोकं घासायचात. मग मुकादमानं सांगितलं, "पहिल्या धारेची चूळ धरा की तोंडात. दाढ पाक बधिर होतीय." तुम्ही म्हणालात, "म्या लोकांला शीलं देतो. पाचवंच शील दारूचं हाय. मला ते चालत न्हाय." तो हसला म्हणे. "अवो, पिऊ नका ना! धरा आन् थुका. पिल्याबिगर शील मोडतंय व्हय?"

ह्या बोलण्यावर तुम्ही किती रात्री काढल्या ते माहीत नाही. मला आठवतं ते असं, की दिवस मावळायला आलाय, तुम्ही उंबऱ्यावर गल्लीकडं तोंड करून बसलाय, हातात नवटाकभर मावेल एवढी बाटली आहे आणि माय आत चुलीपाशी पदर नाकाला लावून उभी आहे. तुम्ही मोठ्यानं सांगताय, "समद्यांनी बघा रं. हे औषध हाय." मग एक घोट घेऊन, गाल फुगवून, डोळे मिटून बसताय. आम्ही पोरं समोर उकिडवी. "गिळली! आबांनी गिळली!" कुणीतरी ओरडतं. तुम्ही बोट हलवून न्हाय न्हाय करता, आणि मग लांब पिचकारी, पार उकिरड्यापर्यंत. लगेच आ करून सगळ्यांना रिकामं तोंड दाखवता. वस्तीला फुकटचा सिनेमाच होता तो. एकदा शेजारची म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरगी बघायला आल्यावानी नुसतंच बघतुयास व्हय रं? कर की पसंत एकदाची!" आणि तुम्हाला हसू आलं. हसू आलं आणि घोट गेला घशाखाली. काय ठसका लागला! सगळी गल्ली हसतेय आणि तुमचं तोंड मात्र पांढरंफटक. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून तुम्ही मला विहारात घेऊन गेलात. तुम्हाला शीलं देणारं दुसरं होतं कोण? मलाच म्हणायला लावलंत. मी म्हणत होते आणि तुम्ही हात जोडून माझ्यामागं म्हणत होता, शाळेतल्या पोरासारखे.

आता सांगा, एका हसण्यात गेलेल्या घोटासाठी जो माणूस लेकीच्या पुढ्यात हात जोडून बसतो तो चोरून पीत असेल? मी जन्मभर हेच म्हणत आले. माझ्या पोरांना हेच सांगितलं. पण मग पुढचं काय करू? सहकारी कारखाना उभा राहिला, तुम्ही गव्हाणीवर ऊस टाकायच्या कामाला लागलात, हातात पगार आला आणि पहिल्याच सीझनला तुळजापूरला जाऊन ती दाढ उपटून आलात. रुमालात बांधून घरी आणलीत. माय म्हणाली, "गेली एकदाची अवदसा." दाढेला नव्हती म्हणत ती, बाटलीला म्हणत होती. आणि आठ दिवसांत तुम्ही परत उंबऱ्यावर! "आता शेजारची दुखतीया," म्हणालात. शेजारची गेली, मग तिच्या शेजारची. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, वास यायचा, आणि जितकं दुखायचं तितकी चूळ वाढायची. दोन चुळांच्या मधे तंबाखूचा बार असायचाच. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं, मायची मिश्री तर डबीभर असायची. तंबाखूचं शील नव्हतं ना कुठलं.

धाकटा भाऊ म्हणतो, आबा पीत होते. मोकळं सांगून टाकतो तो, सोलापूरहून फोनवर, जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "अक्का, म्या बघितलंय. कारखान्याच्या चाळीमागं एकलेच बसलेले, बाटली अर्धी सरलेली आन् भुई कोरडी. थुकलं असतं तर वलं दिसलं असतं का न्हाय?" मी म्हणाले, अरे बाबा, ती उन्हाळ्यातली आपल्याकडची जमीन, तिथं घागर ओतली तरी मागमूस राहत नाही, चुळीचं काय घेऊन बसलास! तो म्हणाला, "मग एकलेच का बसले व्हते? घरी तर समद्या गल्लीला दाखवत व्हते." हे आता तुम्हालाच विचारते, आबा. का बसला होता एकटेच? धाकटा स्वतः थेंबाला शिवत नाही. तुमच्यामुळंच शिवत नाही म्हणतो. आणि मीही माझ्या पोरांना तुमच्याच नावानं सांभाळलं. एकाच बापाच्या दोन गोष्टी सांगून दोन्ही घरं शुद्धीवर राहिली, तर मग खरी कुठली आणि तिचं काय करायचं, मला खरंच कळत नाही.

आणि ती वैशाखातली पौर्णिमा. सगळे पांढरे कपडे घालून बसलेत, तुम्ही पुढं. पहिलं शील म्हणालात, दुसरं, तिसरं, चौथं, आणि थांबलात. मागून कुणीतरी वास येतोय असं पुटपुटलं होतं, ते मी ऐकलं होतं. तुम्ही ऐकलं का? तुम्ही इतकंच म्हणालात, "पाचवं तुमी म्हणा. म्या ऐकतो." लोकांनी म्हटलं. तुम्ही मान खाली घालून बसलात, आणि त्यानंतर पुढं बसला नाहीत कधी. वस्तीनं काय समजायचं ते समजून घेतलं. मायनं भांडून भांडून घसा बसवून घेतला, "माझ्या मालकानं एक थेंब गिळला न्हाय, कुणाची जबान हाय बोलायची!" मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्याच महिन्यात तुमचं तोंड नीट उघडेनासं झालं होतं, घास बारीक करून द्यावा लागत होता, हेही मला आठवतं. मग तुम्ही थांबलात ते शरमेनं, की जबडा दुखला म्हणून? की दर वेळी सगळं एकानंच म्हणू नये म्हणून? तिन्ही कारणं खरी वाटतात मला, ज्या दिवशी जे धरावं ते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून तुमच्या गालाच्या आत बघितलं, पांढरा चट्टा आणि त्याच्या मधोमध जखम. "दारू किती पिता?" तुम्ही म्हणालात, "घेतो, पण पीत न्हाय." त्यांनी मान वर केली नाही. असं रोज दहाजण त्यांना सांगत असतील. तुम्हाला ते फार लागलं. परतीच्या एसटीत तुम्ही जळकोट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता आणि फाट्यावर उतरताना मला म्हणालात, "तू तर बघितलंयस की." मी व्हय म्हणाले. काय बघितलं होतं मी? उंबऱ्यावरचं बघितलं होतं.

मागच्या महिन्यात माझीच दाढ काढायला गेले होते. आता धाराशिवात दातांचे दवाखाने ढिगानं आहेत. डॉक्टरीण म्हणजे माझ्या नातीएवढी पोरगी. घरात कुणाला तोंडाचा कॅन्सर होता का, विचारलं. वडलांना. तंबाखू? व्हय. दारू? इथं अडले. मग सांगितलं सगळं, चुळीचं. ती हातमोजे काढून माझ्यासमोर बसलीच. म्हणाली, आजी, दारूनं दाढ घटकाभर बधिर होते, पण तोंड कोरडं पडतं, लाळ आटते, हिरड्या सुटतात, दात किडतात. आतली कातडी पातळ होते आणि तंबाखूचं विष तिथून आत शिरतं. दोन्ही एकत्र म्हणजे आगीत तेल. "गिळली का थुंकली, ते तोंडाला कळत नाही." म्हणजे आबा, ज्यानं दुखणं थांबतंय असं तुम्हाला वाटत होतं त्यानंच ते वाढत होतं. मी विचारलं, मग गिळल्याचा फरक कुठं पडतो? ती म्हणाली, खाली. घसा, पोट, हृदय, रक्तदाब, आणि सगळ्यात जास्त यकृत. यकृत गेलं की डोळे पिवळे होतात, पोटात पाणी होतं, पाय सुजतात.

तेव्हापासून मी तुमचे डोळे आठवतेय. पिवळे होते. न्हाय, कंदिलाच्या उजेडात सगळ्यांचेच पिवळे दिसायचे. पाय सुजले होते, हे नक्की. पण तेव्हा तुमच्या पोटात पेजेशिवाय काही जात नव्हतं, उपाशी माणसाचेही पाय सुजतात. त्याच साली गावात काविळीची साथ होती. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, डोळे चांगले होते की, पांढरे. जो तुम्हाला पिणारा म्हणतो तो डोळे पांढरे सांगतोय, आणि जी न पिणारा म्हणते तिला पिवळे आठवतायत! डोकं फिरायची वेळ आली, आबा. जळ्ळं ते यकृत.

आज सकाळी विहाराच्या पोरांना फोन केला. लिहा म्हणाले, बरोबर आहे. ती खूश झाली. फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं, ह्या वयात, भाजी चिरता चिरता. कारण ती ओळ खरी असेल तर तुम्ही काय कमावलंत? तोंड जळालं, दात गेले, वस्तीनं मान खाली घालायला लावली, जीव गेला, आणि ज्या दारूनं हे सगळं केलं तिनं तुम्हाला एक संध्याकाळसुद्धा हलकी केली नाही. गिळणाऱ्याला निदान घटकाभर विसर पडतो. तुम्ही तर दुखणंही सोसलंत आणि दोषही सोसलात. गिळली असती तर यकृतही गेलं असतं, हे कळतं मला. दारूला मी जन्मभर शिव्या घातल्या आणि उद्याही घालीन. हा कागद लेकीला दाखवायची सोय नाही, धाकट्याला तर मुळीच नाही, आणि तुम्हाला पाठवायचा तर कुठं पाठवू? पाटी परवा भिंतीवर लागेल, मी पुढं बसून टाळ्या वाजवीन. मनात मात्र हेच असेल, की ते खोटं असावं. त्या चाळीमागं, कुणी बघत नसताना, तुम्ही ती गिळलेली असावी.