मिठाची तक्रार

दादा,

मी कामावर निघालेय, जेवण झाकून ठेवलंय. "नुसतं बोलून कुठे नैराश्य जातं? समुपदेशक बाईंना कळव, आजपासून येत नाही," म्हणालास. मी कळवलेलं नाही. चारची वेळ कायम आहे.

खरं तर माझाही विश्वास नव्हता. बडबड मी घरबसल्या करते, तिने तुला कधी गुण आला नाही! म्हणून सहा आठवडे तुझ्यावर नजर ठेवून होते. पहिले तीन तू भिंतीकडेच बघत बसलास. चौथ्यात आपणहून दाढी केलीस. आणि काल आमटीत मीठ कमी म्हणून माझ्याशी कडाकडा भांडलास. वर्षभर तुला चवच कळत नव्हती रे.

त्या बाई असं विचारतात तरी काय? मला सांगू नकोस, पण जा. सातवा आठवडा बघायचाय मला.

— धाकटी