घंटाबाईची घंटा

सोमवार, ता. ९

बघून घेईन. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं — बघून घेईन तिला!

सकाळी शाळेच्या ऑफिसात गेले तर टेबलावर वर्षअखेरच्या पत्रकाचा मजकूर. घंटाबाईच्या हातचा. शाळेत तिला सगळे मोठी सिस्टर म्हणतात. मुख्याध्यापिका आहे, म्हणावंच लागतं. पण इथे मी तिला घंटाबाईच म्हणणार. ती पितळी घंटा हातात असल्याशिवाय बाई वर्गातून वर्गात जात नाही.

तर मजकूर. शेवटच्या दिवशी शाळा अर्धा वेळ. चर्चमधली आभाराची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, शुक्रवारी वीस तारखेला नऊ वाजता, मुलं पूर्ण गणवेशात, बुटांना पॉलिश. लायब्ररीची पुस्तकं परत करा. पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याचे फोटो ऑफिसात मिळतील. फाटकासमोर गाड्या उभ्या करू नका. आणि गाड्यांच्या खाली एक ओळ — "आपले संगीत शिक्षक वैयक्तिक कारणास्तव शाळा सोडत आहेत. त्यांचे आभार."

एक ओळ! जन्म घातला ह्यांनी त्या शाळेत. आणि टाइप कोणी करायचं, तर मी. नवऱ्याला काढल्याची बातमी बायकोने टाइप करायची, वर शुद्धलेखनही तपासायचं.

मागच्या आठवड्यात हे घरी आले आणि म्हणाले, "पुरे झालं आता." बस. संगीताच्या खोलीची किल्लीही देऊन आले होते. का, कोण काय बोललं, काही सांगायला तयार नाहीत. घंटाबाईला विचारलं तर म्हणते, "ते तुम्ही सरांनाच विचारा." आणि दुसऱ्याच दिवशी खोक्यातून स्पीकर आला. आता गाण्यामागचा पियानो त्यातून वाजणार. मला काय कळत नाही? माणसाला पगार लागतो, खोक्याला नुसती वीज.

मंगळवार, ता. १०

पत्रकात हरवलेल्या वस्तूंची सूचना दरवर्षी असते. मी टाइप केलं — "ऑफिसात पुढील वस्तू पडून आहेत: डबे, मोजे, एक चष्मा, एक छत्री, एक संगीत शिक्षक. पालकांनी ओळख पटवून घेऊन जावे."

तपासायला दिलं. वाटलं, बोलवेल, फैलावर घेईल, मग मीही तोंड सोडीन. सगळं तयार करून ठेवलं होतं मनात. पण घंटाबाईने नुसती लाल पेनाने रेघ मारली, कागद परत दिला आणि विचारलं, "सर बरे आहेत ना?"

मला काय राग आला! भांडायला आलेल्या माणसाशी निदान भांडावं तरी.

गुरुवार, ता. १२

घंटा पळवली!

ती फोन घ्यायला आत गेली आणि घंटा माझ्या टेबलावर राहिली. विचारसुद्धा केला नाही. लोकर विणायच्या पिशवीत टाकली, वर लोकरीचे गुंडे. मग दिवसभर तमाशा. मधल्या सुट्टीनंतर बाई अंगणात उभी राहून टाळ्या वाजवतेय आणि पोरं झोपाळ्यावर. पहिलीच्या बाईंनी शेवटी डबा बडवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसले, तेही कपाटात तोंड घालून.

घरी येताना जिना चढले तर पिशवीतून खणखणाट. दार उघडलं, पिशवी टेबलावर आदळली, पुन्हा खणखणाट. हे समोरच बसलेले, पेपर वाचत. काय आणलंस म्हणून विचारलंसुद्धा नाही. पूर्वी चमचा पडला तरी म्हणायचे, "हा कोमल गंधार." मन कुठे असतं त्यांचं, कोण जाणे. सगळं त्या घंटाबाईमुळे. घंटा कपाटात चादरींच्या खाली ठेवली आहे. वर्ष सरेपर्यंत बडवू दे डबा.

शनिवार, ता. १४

दूध उतू गेलं. हे गॅसपासून दोन हातांवर बसलेले. भांडं फसफसतंय, झाकण नाचतंय, आणि हे खिडकीबाहेर बघतायत. मी न्हाणीघरातून ओरडले, अहो दूध, अहो दूध! उठले नाहीत. बाहेर येऊन समोर उभी राहिले तेव्हा कुठे बघितलं, आणि माझं तोंड बघून लहान मुलासारखे घाबरले. तसं लग्न झाल्यापासून माझं ऐकलंय कधी यांनी! पण हे निराळं आहे. हे आतून खचलेलं माणूस आहे.

ओटा पुसताना मला संगीताची खोली आठवत होती. गेलं वर्षभर पोरं पियानो वाजवायची तेव्हा हे झाकणावर तळवा ठेवून उभे राहायचे. डोळे मिटून. इतका जीव त्या लाकडावर. आता वन्सं फोनवर मला म्हणतात, "जाऊ दे वहिनी, वय झालं त्याचं, आराम करू दे." ह्यांच्या बहिणीला काय जातंय म्हणायला. वय झालं म्हणून पियानोवरून उठवतात का माणसाला?

मी सोडणार नाही.

सोमवार, ता. १६

आज खरी गोष्ट कळली आणि डोक्यात तिडीक गेली. शुक्रवारच्या मिस्सेत पोरांचं गाणं एकच, अगदी शेवटी — शाळा सोडून जाणाऱ्यांच्या निरोपाचं. चाल ह्यांनीच बांधलेली. खोक्यातून जो पियानो वाजणार तोही ह्यांचाच! जायच्या आधी एका दुपारी दार लावून घंटाबाईने ह्यांच्याकडून वाजवून घेतला आणि भरून ठेवला. सफाईवाल्या मावशींनी सांगितलं. म्हणाल्या, सर पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि सिस्टर शेजारी बसून खुणेने सांगत होत्या, आता बरोबर, आता चुकलं.

ह्यांना! चुकलं म्हणून! जिला प्रार्थनासुद्धा सुरात म्हणता येत नाही तिने!

लिंबू पिळायचं आणि साल फेकायची. बरं, बाई. आता तू बघ.

मंगळवार, ता. १७

ठरलं. स्पीकर ऑफिसातल्या कपाटात असतो, किल्ली माझ्याकडे. विजेची वायर वेगळी निघते. तिच्याशिवाय ते धूड ढिम्म हलत नाही. शुक्रवारी सकाळी वायर माझ्या पर्समध्ये असेल.

चर्चमध्ये पहिल्या बाकाला लागूनच जुना ऑर्गन आहे. शाळेच्या मिस्सेला हेच वाजवायचे तो. घंटाबाई बटण दाबेल, काही होणार नाही. पुन्हा दाबेल. सगळे पालक बघत असतील. मग तिला सगळ्यांदेखत मान वळवून ह्यांच्याकडे बघावं लागेल. विनंती करावी लागेल. हे उठतील, बसतील, वाजवतील. मग बघू पुढच्या वर्षी कोण कोणाला काढतं! मला दुसरं काही नको. ह्यांची जागा ह्यांना परत पाहिजे, आणि ती तिने हात जोडून दिलेली पाहिजे.

अडचण एकच, हे यायलाच तयार नाहीत. "मी नसलो तरी गातील ती," एवढंच म्हणतात.

बुधवार, ता. १८

पत्रक छापून झालं. छापायच्या आधी घंटाबाईने स्वतः एक ओळ वाढवली. "सरांसाठी पहिल्या बाकावर मधोमध जागा राखून ठेवली आहे, जिथून सगळ्या मुलांचे चेहरे दिसतील."

साखर पेरते आहे. मी ती ओळ ह्यांना वाचून दाखवायला लागले तर त्यांनी कागदच हातातून घेतला आणि स्वतः वाचला. कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "येतो मी."

शिकार आपल्या पायांनीच सापळ्याकडे यावी आणि वर सापळाही स्वतःच लावून द्यावा! मी आनंदाने ह्यांचा कोट ब्रश केला.

शुक्रवार, ता. २०

सगळं माझ्या मनासारखं झालं आणि काहीही मनासारखं झालं नाही. क्रमाने लिहिते.

वायर पर्समध्ये. पर्स मांडीवर. चर्च खच्चून भरलेलं. लहान भावंडं, आज्या, कामावरून तसेच आलेले बाप. फाटकासमोर गाड्या लावू नका म्हणून छापलं होतं, तिथेच सगळ्यांच्या गाड्या. हे पहिल्या बाकावर, मी त्यांच्या मागे. शेवटी फादर म्हणाले, आता मुलं गातील. पोरं वेदीसमोर रांगेत उभी राहिली. घंटाबाईने बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. खोकं उचलून मागे बघितलं, आणि तिला समजलं. तिने सरळ माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. नजर खाली घातली नाही मी. बाकांवर कुजबुज सुरू झाली. फादरांनी ह्यांच्याकडे बघून ऑर्गनकडे हात केला. हाच तो क्षण! मी पुढे वाकून ह्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात घंटाबाई लगबगीने मध्ये येऊन उभी राहिली. फादर आणि ह्यांच्या बरोबर मध्ये. आणि मान हलवली — नको.

भर चर्चमध्ये! सगळ्यांसमोर नको म्हणाली माझ्या नवऱ्याला! त्या क्षणी मी तिचा गळा धरला असता.

आणि हे? हे शांत. पोरांकडे बघत, चेहऱ्यावर हसू. जागचे हललेसुद्धा नाहीत. ऑर्गन हाताच्या अंतरावर, सगळी माणसं ताटकळलेली, आणि हे आपले कोणाचा तरी वाढदिवस असल्यासारखे बसलेले.

मग पहिल्या रांगेतल्या सगळ्यात बुटक्या मुलीने हनुवटी वर केली. ह्यांनी शिकवलंय तसं. आधी एकमेकांकडे बघायचं, मग सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा. घेतला. आणि पोरं गायला लागली. पियानो नाही, ऑर्गन नाही, नुसते गळे. एकही सूर इकडचा तिकडे नाही. शेवटच्या कडव्याला मागच्या बाकांवर बायका नाकाला रुमाल लावत होत्या. मी मात्र पर्स रागाने आवळून बसले. कारण सगळे म्हणणार, बघा, संगीत शिक्षक नसला तरी चालतं. मीच दाखवून दिलं सगळ्यांना! बाहेर पडताना घंटाबाई वायरबद्दल एक अक्षर बोलली नाही. ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश काहीतरी म्हणाली आणि गेली.

रस्ताभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसावं. उद्या विचारणार आहे, तोंडावर. का उठला नाहीत? कशाची भीती होती एवढी त्या बाईची?

शनिवार, ता. २१

विचारायच्या आधी तेच बोलले. चहा घेताना, आपणहून. "त्या यंत्रातून माझा पियानो बरा वाजला, नाही? मला धाकधूक होती. पण पोरांना सुरुवातीचा सूर अगदी स्वच्छ मिळाला."

वायर माझ्या पर्समध्ये होती.

मी उठले. कपाटातून, चादरींखालून, घंटा काढली. ह्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि वाजवली. जीव खाऊन वाजवली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, आज शनिवारी कसली शाळा.

ह्यांनी पेपरचं पान उलटलं.